मास्तरांची टाचणी

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर बैठकीची एक खोली आहे. तिथल्या लांबट टेबलाभोवती अकरा खुर्च्या आणि प्रत्येकीसमोर एक छोटी पाटी. अध्यक्ष, सचिव, कायदेतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ असं करत करत पाट्या दारापर्यंत येतात आणि अगदी शेवटच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ‘सामान्य व्यक्ती’. त्या पाटीमागे गेली अकरा वर्षं शिंपीमास्तर बसत होते.

माणसांवर नवं औषध करून पाहायचं तर आधी या समितीची परवानगी लागते. नियमच असा आहे की टेबलाशी एक तरी माणूस असा हवा, जो डॉक्टर नाही, वकील नाही की शास्त्रज्ञ नाही. ज्याच्यावर औषध करून पाहायचं त्याच्या जागी उभं राहून त्याने कागद वाचावा, एवढंच त्याचं काम. मास्तरांच्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा दुकानात आठवडाभर थट्टा चालली होती.

“मास्तर, साऱ्या शहरातून सामान्य म्हणून तुम्हीच कसे सापडलात? आमच्यात काय कमी होतं?”

“तुमची पँट अंगाला बसते का बघा,” मास्तर म्हणायचे. “कंबर दोन इंच वाढलीय. तुम्ही आता सामान्यात मोडत नाही.”

खरं कारण साधं होतं. त्या वर्षी इस्पितळाने रुग्णांसाठी नवे झगे शिवायला दिले होते. मास्तरांनी नमुना हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, “हा बेतणाऱ्याने कधी घातलेला दिसत नाही. बंद पाठीवर आहेत. आजारी माणसाचा हात तिथे पोचणार कसा?” समितीच्या सचिव तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. बाई मूळच्या औषधांच्या प्राध्यापिका, बोलायला मोजक्या. त्यांनी ते वाक्य लक्षात ठेवलं आणि पुढच्या महिन्यात पत्र पाठवलं.

दोन महिन्यांतून एकदा समिती भरायची आणि आठ दिवस आधी फायली घरी यायच्या. प्रत्येक फाईलमध्ये दोन चिजा. एक जाडजूड आराखडा, म्हणजे डॉक्टर नेमकं काय करणार ते. दुसरं रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक, सात-आठ पानांचं. ते वाचून रुग्णाने सही करायची. मास्तरांनी पहिल्याच वर्षी आपली एक पद्धत बसवली. आराखडा म्हणजे मापाची वही आणि माहितीपत्रक म्हणजे बेतलेलं कापड. वहीत एक माप आणि कापडावर दुसरं असं जिथे दिसेल तिथे पानाला टाचणी लावायची. बैठकीत फाईल उघडली की सचिवबाई आधी विचारायच्या, “मास्तर, किती टाचण्या?” नवे डॉक्टर हसायचे. जुने हसत नसत.

पद्धतीचा दुसरा भाग घरातला होता. समोरच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या. दुपारी गिऱ्हाईक नसताना मास्तर माहितीपत्रक मोठ्याने वाचायचे आणि खिडकीपाशी बसून बटणांचे काज करता करता बायको ऐकायची. यासाठी त्यांनी सचिवबाईंना रीतसर विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “माहितीपत्रक रुग्णाच्या हाती जायचंच आहे. ते वाचा. आराखड्यातलं मात्र अक्षरही घराबाहेर नको, घरातही नको.” तसं लिहून दिलेलं होतं आणि मास्तरांनी ते पाळलं होतं.

बायको सातवीपर्यंत शिकलेली, पण तिच्या कानातून काही सुटत नसे. एकदा मास्तरांनी वाचलं, ‘रक्ताचा नमुना घेतला जाईल.’ ती म्हणाली, “किती? चमचाभर की पेलाभर?” तेव्हापासून तिथल्या प्रत्येक माहितीपत्रकात चमच्यांचा हिशेब येऊ लागला. दुसऱ्यांदा म्हणाली, “नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का, ते कुठे लिहिलंय?” तेही पुढे आलं, वेगळ्या परिच्छेदात, ठळक अक्षरात. निम्म्या टाचण्या तिच्याच असायच्या. समितीत कुणाला ते ठाऊक नव्हतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मग हात, मग मान. मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. हे डॉक्टर तरुण, हुशार, रुग्णाशी खुर्ची ओढून बसून बोलणारे. दिवसातून तीनदा गोळी सुरू झाली. गोळी चालू असेपर्यंत ती घरात फिरायची, भांडी आवरायची. काज मात्र सुटले. सुईत दोरा ओवायला तिने वर्षभर नेटाने प्रयत्न केला आणि एक दिवस सुयांचा डबा मास्तरांच्या यंत्राशेजारी आणून ठेवला. काजाचं काम आता ते बाहेर देत. तिच्यासारखा काज बाहेर होत नव्हता, पण गिऱ्हाइकाला आता फरक कळत नव्हता. तयार कपड्यांचे दिवस आले होते. मास्तरांकडे येत ते पँटची लांबी कमी करायला नाहीतर चेन बदलायला.

मास्तर थकले होते. बासष्टाव्या वर्षी चष्मा जाड झाला, बासष्टचे अडुसष्ट झाले, गुडघे बोलू लागले. इस्पितळाची लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद. माहितीपत्रकांत तीच ती वाक्यं. ‘आपला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे.’ हे वाक्य मास्तरांनी अकरा वर्षांत तीन-चारशे वेळा वाचलं असेल. मुदत संपली की सोडायचं, असं ते दर खेपेला म्हणत आणि सचिवबाई दर खेपेला म्हणत, “दुसरा सामान्य माणूस मिळू द्या, मग जा.”

अकराव्या वर्षीच्या एका बैठकीसाठी तीन प्रस्ताव आले आणि तिसरा कंपवाताच्या नव्या औषधाचा होता. तोच, ज्याबद्दल डॉक्टर वर्षभर बायकोला सांगत आले होते. “काकू, धीर धरा. काहीतरी नवीन येतंय. आलं की पहिला फोन तुम्हाला.”

मास्तर वाचायला बसले तेव्हा ती स्वयंपाकघरातून भिंत धरत आली आणि खिडकीपाशी बसली. वाचन सुरू झालं. चौथ्या पानावर कुणाला घेणार त्याची यादी होती. ‘वयाची पासष्ट वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्ती.’

“थांबा,” ती म्हणाली. “मला पासष्ट कधी पूर्ण होतात?”

“पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला.”

“आणि बैठक?”

“येत्या शुक्रवारी.”

तिने बोटं मोजली. बोटं हलत होती म्हणून पुन्हा मोजली. “म्हणजे बैठकीनंतर पाच आठवडे आहेत हातात. बस झालं. पुढचं वाचू नका.”

“अगं, अजून चार पानं आहेत.”

“वर्षभर वाट बघितली त्याची चार पानं काय ऐकायची? डॉक्टर म्हणाले ना चांगलं आहे. तुम्ही मान डोलवून या, मी सही करून येते.”

अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच अर्ध्यातून उठली. त्या दिवशी चहा तिने केला. अर्धा बशीत सांडला, पण गुणगुणत होती. मास्तरांनी कितीतरी दिवसांत ते ऐकलं नव्हतं.

उरलेली चार पानं त्यांनी मनात वाचली आणि सवयीने शेजारी आराखडा उघडला. आराखड्यात एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं, की पहिले चार आठवडे सहभागी व्यक्तीच्या कंपवाताच्या सर्व चालू गोळ्या पूर्ण बंद राहतील, म्हणजे नव्या औषधाचा परिणाम स्वच्छ दिसेल. त्यानंतरही निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी. कोणाला काय, ते कुणालाच कळणार नाही. रिकाम्या गोळीचं माहितीपत्रकात होतं. गोळ्या बंद करण्याचं मात्र नव्हतं. सहाव्या पानावर एवढंच होतं : ‘औषधांबाबत आपले डॉक्टर आपल्याला मार्गदर्शन करतील.’

हात आपोआप टाचण्यांच्या उशीकडे गेला आणि सहाव्या पानाला टाचणी लागली. लागल्यावर मास्तर त्या टाचणीकडे पाहत बसले.

गोळी बंद म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी औषधाच्या दुकानात दोन दिवस माल आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मास्तर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेले होते. परत आले तर बायको न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. पाय उचलतच नव्हता. किती वेळ उभी होतीस विचारलं तर म्हणाली, “समोरच्यांचा रेडिओ ऐकत होते. दोन बातमीपत्रं झाली.” दोन दिवसांत हे. इथे चार आठवडे होते.

दोन दिवस मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं. आराखड्यातलं घरात बोलायचं नाही, हे लिहून दिलेलं. न बोलावं तर ती डोळे मिटून सही करणार. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तिने चमचा खाली ठेवला. “चार आठवडे?”

“चार.”

ती म्हणाली, “निघतील. तुम्ही बाहेर जाऊ नका तेवढे दिवस, झालं.”

“आणि पुढे रिकामी गोळी आली वाट्याला तर?”

“आली तर आली. अहो, माझ्या हाताकडे बघा. याहून रिकामं काय येणार आहे?” तिची नजर टेबलावरच्या फाईलकडे गेली. बाहेर आलेलं टाचणीचं डोकं तिला दिसलं. “ती काढा.”

“अगं...”

“तुम्ही टाचणी लावलीत की कागद परत जाणार. दोन महिने. तोवर मी पासष्टची. मग डॉक्टर म्हणणार, काकू, फार वाईट वाटतं. लोकांच्या रक्ताचे चमचे मोजलेत, आता एकदा घरचं बघा. मला कळलं ना? मग झालं तर.”

“तुला कळलं, कारण तुझा नवरा त्या टेबलाशी बसतो.”

“मग त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे!”

मास्तरांनी टाचणी काढली आणि तिच्यासमोर उशीत खोचली. तिने चमचा उचलला.

शुक्रवारी लिफ्ट बंदच होती. मास्तर एकेका जिन्यावर थांबत दोन मजले चढले. बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष नेहमीचा प्रश्न विचारत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, ऐकायला थोडे कमी, पण नियमाला पक्के. “आजच्या प्रस्तावांत कुणाचा स्वतःचा काही संबंध आहे का?”

हा प्रश्नही मास्तरांनी अकरा वर्षं ऐकला होता आणि मान नकारार्थी हलवली होती. आज ते उठून उभे राहिले.

“तिसऱ्या प्रस्तावात. माझी बायको त्यात नाव घालणार आहे. आणि आराखड्यातली एक गोष्ट मी तिला घरी सांगितली.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मास्तर, हे मला लिहून घ्यावं लागेल,” अध्यक्ष म्हणाले.

“घ्या साहेब.”

“आणि तिसरा प्रस्ताव आला की तुम्ही बाहेर.”

“हो.”

पहिले दोन प्रस्ताव तासाभरात उरकले. तिसऱ्यासाठी तरुण डॉक्टर आत आले, मास्तरांकडे बघून ओळखीचं हसले. मास्तर उठले, आपली फाईल सचिवबाईंपुढे ठेवली आणि दाराकडे वळले. बाईंनी फाईल चाळली आणि मान वर केली.

“मास्तर, एक मिनिट. पहिल्या दोहोंत मिळून पाच टाचण्या. यात एकही नाही?”

“निर्णयात त्यांना भाग घेता येत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “माहिती विचारायला हरकत नाही. विचारा आणि जाऊ द्या त्यांना.”

“माहितीपत्रक वाचून साध्या माणसाला सगळं कळतं का?” बाईंनी विचारलं. “एवढंच सांगा आणि जा.”

बाईंच्या हाताखाली सहावं पान उघडं होतं. टाचणी काढली तरी कागदाला भोकं राहिली होती, दोन, शेजारी शेजारी. बाईंना ती दिसली होती की नाही, मास्तरांना कधी कळलं नाही. त्यांना मात्र दारातूनही दिसत होती. ‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. ‘हो’ म्हटलं की जिना उतरायचा, घरी जायचं, आणि घरात कुणीतरी गुणगुणत असणार होतं.

“नाही कळत,” मास्तर म्हणाले. “पान सहा. आराखड्याचं पान एकतीस शेजारी ठेवून बघा.”

बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. वाचायला त्यांना फारसा वेळ लागला नाही.

“डॉक्टर, चार आठवडे गोळ्या बंद हे रुग्णाला कुठे सांगितलंय?”

“मॅडम, ते आम्ही समोर बसवून सांगणारच आहोत,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “लिहिलं की लोक घाबरतात. अर्धे निघून जातात. मग औषध सिद्ध कसं व्हायचं? शेवटी त्यांच्याच भल्याचं आहे.”

माणूस खोटं बोलत नव्हता. मास्तरांना तेच जड गेलं. ते दार ओढून बाहेर आले आणि बाकावर बसले. भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. मास्तरांनी ती पाचदा पाहिली.

वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. क्षणभर मास्तरांसमोर उभे राहिले.

“काकूंसाठीच मी घाई करत होतो हो,” ते म्हणाले. “वयाची अट माझ्या हातात नाही. तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“एकोणीस तारीख,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले.

घरी ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. बावन्न वर्षं कपडे शिवलेल्या माणसाची पाठ बघूनही बायकोला कळतं, आणि मास्तर तर समोरून येत होते.

“परत पाठवला?”

“हो.”

“टाचणी काढली होती ना?”

“काढली होती.”

“मग?”

“विचारलं त्यांनी.”

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “विचारलं! आयुष्यात एकदा मी स्वतःसाठी काही मागितलं, ते मला मिळालं नाही. त्या बाईने एकदा विचारलं आणि तिला मिळालं.” मग भिंत धरून आत गेली. मास्तर आधाराला पुढे झाले तर म्हणाली, “राहू द्या. अजून गोळ्या चालू आहेत माझ्या.”

पुढचे पाच आठवडे घरात कामापुरतं बोलणं होतं. मुलीचा परगावाहून फोन आला की आई बोलायची, बाबांना फोन देताना तिला म्हणायची, “आता समितीशी बोल.” समितीकडून मास्तरांना एक पत्र आलं. घरी माहिती सांगितल्याबद्दल समज देण्यात येत आहे आणि प्रामाणिकपणे कबूल केल्याची नोंद घेण्यात आली आहे, असं दोन ओळींत. मास्तरांनी ते फाईलला लावलं. एकोणीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी तिने सकाळी नवी साडी काढली, घडी मोडली आणि पुन्हा घडी करून ठेवली. घडी नीट बसली नाही. मास्तरांना ती इस्त्री करून देता आली असती. त्यांनी हात लावला नाही.

दोन महिन्यांनी फायली आल्या. वरचाच प्रस्ताव कंपवाताचा होता, दुरुस्त केलेला. मास्तरांनी माहितीपत्रक हातात घेतलं आणि मनातच वाचायला लागले. दुपारचं ऊन यंत्राच्या चाकापर्यंत आलं होतं.

“मोठ्याने वाचा,” आतून आवाज आला.

ती भिंत धरत आली, खिडकीपाशी बसली, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. “वाचा की. आता तुम्हाला उठून बाहेर जायचं कारण नाही. आता तुमचं कुणी नाही त्यात.”

मास्तरांनी चष्मा पुसला. मग वाचू लागले. सहावं पान आलं. ‘पहिले चार आठवडे कंपवातासाठी आपण सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्या बंद राहतील. या काळात आपली थरथर वाढेल. चालताना पाय अडेल, पडण्याची भीती आहे. आपल्याला हे नको असल्यास या अभ्यासात भाग घेऊ नये. त्यामुळे आपल्या नेहमीच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही.’

वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं नाही.

“पाय अडेल,” ती हळूच म्हणाली. “हे बरोबर लिहिलंय.” खिडकीबाहेर एक बाई पोराची चप्पल शोधत होती. चप्पल सापडेपर्यंत ही बघत राहिली. “पण अडल्यावर काय करायचं ते नाही लिहिलं. ज्यांच्या घरी दिवसभर कुणी नाही, त्यांनी काय रेडिओ ऐकत उभं राहायचं? चार आठवडे घरात एक माणूस हवाच, नसेल तर इस्पितळाने पाठवावा, असं लिहायला सांगा.”

“सांगतो.”

“आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात. हात हलतो तेव्हा बारीक अक्षर वाचता येत नाही.”

मास्तरांनी टाचण्यांची उशी पुढे ओढली. तिने हात लांब केला, उशीतली एक टाचणी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ती निसटली. दुसरी धरली, तीही निसटली. मास्तर थांबून राहिले. तिसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला आणि पुन्हा मांडीवर दाबून ठेवला.

“लावा तुम्हीच,” ती म्हणाली. “दोन लावा.”